काम शोधताना सकाळी अकरा वाजता पुस्तक हातात धरवतं का?

पिंपळपार
नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितो क्वचित. आज लिहावंसं वाटलं.

फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षं क्वालिटी विभागात होतो. एक लाइन बंद झाली आणि आम्ही अकरा जण एकाच दिवशी बाहेर पडलो. आता पाचवा महिना चालू आहे. अर्ज रोज करतो. एका ठिकाणी तिसऱ्या फेरीपर्यंत गेलो, त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

नोकरी कशी शोधावी याचे सल्ले खूप मिळालेत. माझा प्रश्न वेगळा आहे. कंपनीच्या बसमध्ये जाताना सव्वा तास, येताना दीड तास मिळायचा आणि त्यात वर्षाला तीस-चाळीस पुस्तकं सहज व्हायची. आता दिवसभर वेळ आहे. पण सकाळी अकराला पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानावर छातीत टोचायला लागतं. रात्री नऊनंतर तेच पुस्तक सुखाने वाचता येतं. दारावरची बेल वाजली की मी पुस्तक उशीखाली सरकवतो. परवा शेजारचे काका कुरिअर द्यायला आले, तर त्यांच्यासमोर मी लॅपटॉप उघडून बसलो. बायको शाळेत शिकवते. तिने आजवर एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. तरीही हे असं होतं.

घरात आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे, मोडी लिपीतल्या जुन्या कागदांची. निवृत्त झाल्यावर शिकून वाचेन असं कायम म्हणत आलो. आता ती रोज समोर दिसते आणि उघडायचं धाडस होत नाही.

तुमच्यापैकी जे या काळातून गेले किंवा आत्ता जात आहेत, त्यांनी सांगा. दिवस कसा काढता? वाचन, छंद चालू ठेवले की बंद केले?

उत्तरा_नक्षत्र
उशीखाली पुस्तक सरकवण्याबद्दल वाचून डोळ्यात पाणी आलं. मी विणकामाची पिशवी सोफ्यामागे ढकलायचे. वाचतेय, सविस्तर नंतर लिहिते.

रोखठोक
मी जे लिहिणार आहे ते कडू लागेल, पण मनापासून सांगतोय. २०२० मध्ये माझी नोकरी गेली. मन रमावं म्हणून पेटी शिकायला घेतली. दोन महिन्यांत चार राग थोडेफार वाजवायला आले, आणि त्याच दोन महिन्यांत मी एकूण सात अर्ज केले. सात! पेटी ही माझी लपायची जागा झाली होती. नकार आला की पेटी, नकार येईल असं वाटलं की पेटी.

तेव्हा ९ ते १ कामाचा शोध, दुसरं काही नाही. जुन्या सहकाऱ्यांना फोन, अर्ज, एखादा कोर्स. तुम्ही क्वालिटीतले आहात, ऑडिटरचं प्रमाणपत्र असेल तर नूतनीकरण करून घ्या. छंद दुपारनंतर.

सुईदोरा
रोखठोकदादा, तुमचं म्हणणं पटतं, पण ९ ते १ हा वेळ कुणाला मिळतो तेही बघायला हवं. मी नऊ वर्षांनी परत काम शोधतेय. बी.कॉम. आहे, टॅली येतं, जीएसटीचा कोर्स आत्ता केला. माझ्या ९ ते १ मध्ये मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं, गॅसवाला, इस्त्रीवाला आणि दोन वेळचा स्वयंपाक आहे. मी काम शोधतेय ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मी 'घरीच असते'. माझे अर्ज रात्री अकराला जातात.

आणि विणकाम मी सोडणार नाही. दिवसाकाठी हातात काय आलं असं विचारलं तर अर्जांचं उत्तर नेहमी शून्य असतं. स्वेटर मात्र संध्याकाळी मोजला की चार बोटं वाढलेला असतो. बाळाचा स्वेटर नऊ नंबरच्या सुयांवर घेतलाय, किनार दोन सुलट दोन उलट. परवा एका टाक्याचा घोळ झाला आणि सात ओळी उसवल्या. त्या सात ओळी परत घालताना पाऊण तास डोक्यात एकही ईमेल आला नाही. ते पाऊण तास मला लागतात, नाहीतर रात्री अकराला अर्ज लिहायला मी शिल्लकच राहत नाही.

रोखठोक
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझ्यापुरतं लिहिलं, आणि माझ्या ९ ते १ मध्ये चहाही आयता मिळत होता. चूक मान्य. तुमचा स्वेटर पूर्ण झाला की फोटो टाका.

अभ्यासिका_२१
आमचं अजून वेगळं आहे. मी तीन वर्षं सदाशिव पेठेत राज्यसेवेचा अभ्यास करतोय. सकाळी सातला अभ्यासिकेत खुर्ची गाठायची, रात्री दहाला उठायचं. दिवसभर वाचतच असतो, पण त्यात वाचनाचा आनंद कधी गेला ते कळलंच नाही. कविता समोर आली तरी कवीचं जन्मगाव आणि टोपणनाव आधी दिसतं.

घरी कापूस आहे. वडिलांचा फोन येतो, 'मार्कांचं काय झालं' असं ते विचारत नाहीत, 'जेवला का' एवढंच विचारतात. त्यामुळे कादंबरी उघडली की त्यांच्या घामाचे पैसे उडवतोय असं वाटतं.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. मग आम्ही तिघं वडापाव घेऊन नदीकाठी जातो आणि आलटूनपालटून कविता मोठ्याने वाचतो. जन्मगाव, सनावळी विचारायची नाही असा नियम आहे. आठवड्यातले ते दीड तास माझे.

माडाखाली
गोव्यातून नमस्कार. आमच्याकडे बेकारी दर वर्षी पावसाबरोबर येते. मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात, हॉटेलं माणसं कमी करतात. मी स्वयंपाकघरात काम करतो. जून ते सप्टेंबर घरी. पहिली दोन वर्षं मी भिंतीकडे बघत बसलो. तिसऱ्या वर्षी मित्राने ओढून पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नेलं. १८३२ सालची ही संस्था, पोर्तुगीज काळातली. तिथे बसायला कोणी पैसे मागत नाही, का आलात विचारत नाही. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत पंखा, टेबल, मराठी-कोंकणी पुस्तकं.

पिंपळपारबाब, माझा सल्ला एवढाच, घरात वाचू नका. घरातल्या खुर्चीला कळतं तुम्ही कामावर गेला नाही ते.

घरी आल्यावर करवंट्या घासतो. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी खोबरेल. त्यांचे दवले, म्हणजे डाव, करतो. गेल्या चतुर्थीला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजारात बावीस विकले.

पिंपळपार
'घरातल्या खुर्चीला कळतं' हे वाचून मी उठून उभा राहिलो. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

मुलगी चौथीत आहे. काल विचारत होती, 'बाबा, तुला एवढी मोठी सुट्टी लागली, तर तू कुठेच का नाही जात?' तिच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता.

गिरणगावकर
मुलीचा प्रश्न वाचून मला माझ्या बाबांबद्दल लिहावंसं वाटतंय. लांब होईल, चालवून घ्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. मी सहावीत होतो. आम्ही परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. बाबांची सकाळची पाळी असायची. संप लागल्यानंतरही कितीतरी महिने ते त्याच वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. आई डबाही द्यायची. आम्हाला वाटायचं, मोर्चाला जातात. मोर्चाला जायचेही. पण बाकीच्या दिवशी ते मंडळाच्या मोफत वाचनालयात जायचे. तिरक्या लाकडी फळ्यांवर वर्तमानपत्रं दोरीने बांधलेली असायची, उभ्याने वाचायची. बाबा सातवी पास. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचायचे. दुपारी चाळीच्या गॅलरीत बसून ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना संपाच्या बातम्या वाचून दाखवायचे. हळूहळू बातम्या संपल्या की गोष्टी, मग कादंबऱ्यांची प्रकरणं. बायका तांदूळ निवडत ऐकायच्या. पुढच्या प्रकरणासाठी वरच्या मजल्यावरून माणसं यायची. घरात आईने मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा गहाण टाकल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्यांनी आकाशकंदिलांसाठी बांबूच्या कामट्या आणल्या. आईने मैद्याची खळ शिजवली. पतंगाचा कागद, झिरमिळ्या कातरायला आम्ही भावंडं. बत्तीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, धागा सांभाळलेला हात, कामट्या अशा तासायचा की एकही कुसळ लागायचं नाही. पहिल्या वर्षी चाळीस कंदील गेले.

तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबांना गिरणी परत मिळाली नाही. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली, रात्रपाळीत दिव्याखाली वाचत बसायचे. कंदील मात्र दर वर्षी केले, शेवटच्या वर्षापर्यंत. आज त्यांच्याकडे वळून बघताना मला मार खाल्लेला माणूस दिसत नाही. मला दिसतो तो गॅलरीतला आवाज आणि त्याभोवती बसलेली माणसं.

पिंपळपार, मुलीसमोर पुस्तक लपवू नका. मी सहावीत जे बघितलं ते मला पन्नाशी ओलांडल्यावरही पुरतंय.

उत्तरा_नक्षत्र
गिरणगावकरकाका, यावर काही लिहिताच येत नाहीये. नमस्कार.

सुईदोरा
खळ शिजवणाऱ्या आईलाही नमस्कार. डबा रोज देत राहिली ती.

परदेशी_पाखरू
न्यू जर्सीहून. माझी नोकरी २०२३ मध्ये गेली. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. फ्रिजवर कॅलेंडर लावून रोज एक चौकोन खोडायचे. त्या ६० दिवसांत माझ्याने एकही कादंबरी वाचवली नाही, चार ओळींनंतर अक्षरं हलायची. ज्यांना वाचन जमत नाहीये त्यांना सांगते, स्वतःवर चिडू नका. घाबरलेलं डोकं गोष्ट धरून ठेवू शकत नाही.

मग मी आजीची पाककृतींची वही नव्या वहीत उतरवून काढायला घेतली. रोज दोन पानं. नक्कल करायला डोकं लागत नाही, हात लागतो. तिच्या वहीत सगळी मापं चिपटं, मापटं आणि 'मूठभर' अशी. अनारशांच्या पानावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे, तिथे मीही नव्या वहीत हळदीचं बोट लावलं. ५३ व्या दिवशी ऑफर आली. वही आठ महिन्यांनी पूर्ण झाली.

माडाखाली
चिपटं म्हणजे नेमकं किती हो? माझी आजी पायली म्हणायची.

गिरणगावकर
दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. हे मापाचे शेर, वजनाचे नव्हेत. मापाच्या पायलीत ज्वारी वेगळी भरते आणि पोहे वेगळे. आई अजून तांदूळ मापट्यानेच घेते, पितळी आहे, माहेरचं.

इंद्रायणीकाठ
विषयांतर गोड आहे, पण मूळ प्रश्नाकडे येते. मुलगी म्हणतेय तू कुठेच का जात नाहीस, तर तिला घेऊन भिलारला जा. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं. गावातल्या घरांतच पुस्तकं ठेवलीत. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात बालसाहित्य. ओसरीवर बसून हवं तेवढं वाचायचं, फुकट. मी शिक्षक भरतीची वाट बघत असताना गेले होते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्हा दोघी बहिणींचं एका तिकिटात झालं. ज्यांच्या ओसरीवर बसलो त्या काकूंनी दुपारी ताकाचा तांब्या आणून ठेवला आणि 'पान संपलं की प्या' म्हणाल्या. बाहेर स्ट्रॉबेरीचे वाफे. त्या दिवशी मी सलग सहा तास वाचलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

बोरू
धागा उशिरा पाहिला. मला पिंपळपार यांच्या ट्रंकेबद्दल बोलायचंय, कारण मोडीचा उल्लेख आला की मला राहवत नाही.

दादा, निवृत्तीची वाट बघू नका. कागद थांबत नाहीत. वाळवी, दमट हवा आणि घडीची दुमड, तिन्ही रोज काम करत असतात. ट्रंक उघडा, कागद सावलीत हवेला ठेवा, उन्हात नाही. घड्या ओढून उलगडू नका. फाटलेल्याला चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा गोंद कागद खातो. आधी फोनवर फोटो काढा.

मोडी दिसते तेवढी अवघड नाही. देवनागरी येणाऱ्याला मुळाक्षरं आठ-दहा दिवसांत बसतात. आधी आडवी रेघ पूर्ण आखून घेत आणि अक्षरं त्या रेघेला लटकवत जात. बोरू, म्हणजे लेखणी, कमीत कमी उचलायचा, म्हणून अक्षरं एकमेकांत मोडलेली. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते अर्थावरून ठरवायचं. खरी अडचण लिपीची नसते. संक्षेप, फारसी शब्द आणि कालगणना अडवतात: फसली, शुहूर, शक. ते वाचता वाचता येतं.

पुण्यात तर सगळं हाताशी आहे. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी मोडीचे वर्ग घेतं.

रोखठोक यांच्यासाठीही लिहितो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. जमिनीचे जुने खरेदीखत, वाटणीपत्र वाचून घ्यायला लोक आजही पैसे देतात. मी स्वतः छपाईचं दुकान बंद पडल्यावर दोन वर्षं घर त्यावर चालवलं. पण शिकायला घेतलं तेव्हा पैशांचा विचार नव्हता. पणजीचं नाव शोधत होतो, आमच्या घरात कोणालाच ते माहीत नव्हतं. एका वाटणीपत्रात सापडलं. गोदाबाई.

रोखठोक
बोरूकाका, गोदाबाईंसाठी नमस्कार. ९ ते १ वर मी ठाम आहे, पण मोडी त्या वेळात बसवायला माझी हरकत नाही.

उत्तरा_नक्षत्र
सविस्तर लिहिते म्हटलं होतं. मला काम मिळालं गेल्या महिन्यात, एका दवाखान्यात बिलिंगला. घरी यायला आठ वाजतात, विणकाम रविवारवर गेलंय. गंमत अशी की आता सोफ्यामागची पिशवी मीच पुढे आणून ठेवली आहे आणि कोणी बघितलं तर काही वाटत नाही. तेव्हाही वाटायला नको होतं. तेव्हा रागावलं कोणीच नव्हतं माझ्यावर, मी सोडून. पिंपळपारदादा, बेल वाजली तर पुस्तक हातात घेऊनच दार उघडा. एकदाच करून बघा.

अभ्यासिका_२१
उत्तराताई, अभिनंदन! या रविवारी आम्ही गॅलरीतल्या वाचनाची गोष्ट तिघांत वाचणार आहोत. गिरणगावकरकाका, परवानगी आहे ना?

गिरणगावकर
वाच रे बाळा. मोठ्याने वाच.

पिंपळपार
तीन आठवड्यांनी परत येतोय.

उत्तराताईंचं ऐकलं. बेल वाजली, पुस्तक हातात घेऊन दार उघडलं. तेच काका होते. 'काय वाचताय' म्हणाले आणि वीस मिनिटं उंबऱ्यात उभे राहून बोलले. त्यांनाही वाचायची आवड आहे हे आठ वर्षांत मला माहीत नव्हतं.

माडाखाली यांच्या सल्ल्याने लक्ष्मी रोडला पुणे नगर वाचन मंदिराचा सभासद झालो. १८४८ पासून चालू असलेली संस्था, आणि मी बसच्या खिडकीतून ती पाटी कित्येकदा पाहिली होती. सकाळी घरी साडेबारापर्यंत अर्ज आणि फोन, मग जेवून बाहेर. रोखठोक, ऑडिटरच्या नूतनीकरणाचे पैसे भरले. शुक्रवारी रांजणगावला मुलाखत आहे. टोचणं गेलेलं नाही, पण आता ते तिसऱ्या पानावर येत नाही. कधी तिसाव्या पानावर येतं, कधी येतच नाही.

भिलारला या सुट्टीत जाणार आहोत. लेकीने पिशवी आत्ताच भरून ठेवली.

आणि ट्रंक उघडली. एकोणतीस कागद निघाले, सगळ्यांचे फोटो काढले. मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लावलाय, मुलगी माझ्यापेक्षा आधी शिकली. काल रात्री आम्ही दोघांनी एक ओळ लावली. तिने 'ज' ओळखला, मी 'ध' आणि 'ळ'. बोरूकाका, ती ओळ अशी आहे: 'जोंधळे पायली ६॥'. पुढे पणजोबांचं नाव आहे, ते मात्र स्पष्ट वाचता आलं. हे वाचलं तेव्हा घरात कोणी बोललं नाही थोडा वेळ. पण सहाच्या पुढे दोन दंड आहेत. तुम्ही म्हणालात विरामचिन्हं नसतात, मग हे काय आहे?

बोरू
वा! पहिलीच ओळ आणि धान्याची!

ते दंड विरामाचे नाहीत, अपूर्णांक आहेत. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तुमच्या पणजोबांचे जोंधळे साडेसहा पायली. दिले की घेतले ते पुढच्या ओळीत असेल. तिचा फोटो जरा उजेडात काढून टाका, आणि लेकीला सांगा, 'दिल्हे' असा शब्द दिसतो का बघ.